सप्लाय उतरत असताना

पुणे

चि. मुग्धा हिस,


तुझं पत्र आणि सोबत पाठवलेलं सर्किट नीट पाहिलं. शेतीपंपाच्या कंट्रोलरची जुनी आवृत्ती ५ व्होल्टवर चालते, नवी ३.३ वर चालणार आहे. तुमच्या साहेबांचं म्हणणं असं की १.७ ते ५.५ व्होल्टपर्यंत चालणारी ईईप्रॉम दोन्ही बोर्डांत टाकली की काम झालं. तसं करू का, एवढंच तू विचारलं आहेस. कर. चिप चांगली आहे. दोन्ही बोर्डांना एकच माल लागेल आणि असेंब्लीत चुकून भलतीच चिप बसायची भीती राहणार नाही. पण ‘काम झालं’ हे मला मान्य नाही. का मान्य नाही हे तुला बोर्ड टाकायच्या आधी कळावं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

डेटाशीटच्या पहिल्या पानावर एवढी रुंद रेंज वाचली की वाटतं, या चिपला व्होल्टेजशी काही देणंघेणं नाही. खरं तर अशा चिपलाच व्होल्टेजची सर्वांत जास्त दखल घ्यावी लागते. साध्या लॉजिक गेटचं काम सोपं असतं: आत्ता जो सप्लाय आहे त्यावर आत्ताचं उत्तर द्यायचं आणि मोकळं व्हायचं. मेमरीला ही मोकळीक नाही. काल एका व्होल्टेजला लिहिलेलं आज दुसऱ्या व्होल्टेजला तिनं बिनचूक वाचून दाखवायचं असतं. लिहिणं आणि वाचणं यांच्यामध्ये वेळ जातो आणि त्या वेळात सप्लाय हलतो. बदलत्या सप्लायशी जुळवून घेणाऱ्या मेमरीची सगळी कारागिरी या एका अडचणीभोवती उभी आहे. तुझ्या पंपाच्या बोर्डावरही हीच अडचण येणार आहे.

आधी डीरॅमचं उदाहरण सांगते, कारण तिथे ती सर्वांत उघडपणे दिसते. डीरॅमच्या एका सेलमध्ये एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर असतो. ही कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट १९६८ चं. वाचताना बिटलाइन सप्लायच्या निम्म्यावर आणून ठेवतात, मग सेल तिला जोडतात, आणि ती त्या निम्म्यापासून किंचित वर गेली की खाली आली, हे सेन्स अँप्लिफायर ओळखतो. आता हिशेब कर. सप्लाय ४.५ व्होल्ट असताना ‘१’ लिहिला, म्हणजे सेलमध्ये ४.५ व्होल्ट साठले. निम्मा सप्लाय २.२५, म्हणून अंतर २.२५ व्होल्ट. मग सप्लाय चढून ५.५ झाला. आता निम्मा २.७५. सेलमध्ये मात्र जुने ४.५ च आहेत, म्हणजे अंतर १.७५ वर आलं. सप्लाय वाढला आणि ‘१’ ओळखणं अवघड झालं! कपॅसिटरचं दुसरं टोक ग्राउंडला बांधलेलं असेल तर हा हिशेब असाच होतो. ते टोकही निम्म्या सप्लायला बांधण्याची पद्धत पुढे रुळली. तिचं मुख्य कारण म्हणजे पातळ ऑक्साइडवरचा ताण निम्मा होतो. पण तिचा दुसरा लाभ मला फार सुंदर वाटतो: सप्लाय हलला की साठवलेली पातळी आणि तिला मोजणारी पातळी दोन्ही बरोबर हलतात, आणि अंतर बरंचसं सांभाळलं जातं. जुळवून घेण्याचा हा एक मार्ग झाला. ठरीव व्होल्टशी तुलना करायची नाही, सप्लायच्या प्रमाणाशी करायची.

दुसरा मार्ग याच्या अगदी उलटा आहे. बाहेर काहीही असो, आत एकच व्होल्टेज ठेवायचं. हा मार्ग का लागला ते समजायला थोडा इतिहास हवा. डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९७४ मध्ये मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करायचा तर त्याचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवायला हवं. नाहीतर ऑक्साइडवरचं विद्युतक्षेत्र असह्य होतं. शिवाय स्विचिंगमध्ये जाणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. ५ वरून ३.३ वर आलं की ती ४४ टक्क्यांच्या आसपास येते. पण सगळं जग टीटीएलच्या ५ व्होल्टवर बसलेलं होतं. कोट्यवधी बोर्डांचा सप्लाय ५ चा, मग एकट्या मेमरीनं उतरून कसं चालेल? म्हणून १६ मेगाबिटच्या पिढीत अनेक उत्पादकांनी डीरॅमच्या आतच व्होल्टेज उतरवणारं सर्किट बसवलं: बाहेर ५, आत ३.३ च्या आसपास. बाहेरच्या जगाला बदल कळलासुद्धा नाही. नंतर जग उतरलंच. एसडीरॅमला ३.३ व्होल्ट, डीडीआरला २.५, डीडीआर२ ला १.८, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. या उतरणीतल्या प्रत्येक पायरीवर जुन्या आणि नव्या सप्लायची काही वर्षं सरमिसळ होते. तुमच्या कारखान्यातलं जुनं आणि नवं बोर्ड म्हणजे त्याच सरमिसळीचा एक तुकडा.

आता तुझ्या ईईप्रॉमकडे येते. तिला लिहिताना तरंगत्या गेटवर इलेक्ट्रॉन ढकलावे लागतात, तेही जेमतेम दहा नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडमधून. त्याला पंधरा-वीस व्होल्ट लागतात. बोर्डावर ५ असोत की १.७, हे पंधरा-वीस व्होल्ट टळत नाहीत. इंटेलच्या २८१६ ला ते बाहेरून द्यावे लागत, सुमारे २१ व्होल्ट. मग जॉर्ज पर्लेगोस आणि त्यांचे सहकारी इंटेल सोडून बाहेर पडले, १९८१ मध्ये त्यांनी सीक ही कंपनी काढली आणि हे व्होल्टेज चिपच्या आत, चार्ज पंपानं तयार करायला घेतलं. स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात, तसा चार्ज पंप विद्युतभार एका कपॅसिटरकडून दुसऱ्याकडे देत पायरीपायरीनं वर चढवतो. प्रत्येक पायरी साधारण सप्लायएवढी. म्हणून १.७ व्होल्टवर जास्त पायऱ्या लागतात आणि ५ वर कमी पुरतात.

खरी मेख इथे आहे. पायऱ्या १.७ साठी ठेवल्या आणि सप्लाय ५ दिला, तर पंप हवं त्याच्या कितीतरी वर जाईल आणि ऑक्साइड झिजवून टाकेल. म्हणून आत एक संदर्भ-व्होल्टेज असतं, तापमानानं आणि सप्लायनं फारसं न हलणारं. पंपाचं व्होल्टेज त्याच्याशी ताडून पाहत राहतात आणि ठरलेल्या पातळीला पोहोचलं की पंपाला आवर घालतात. बाहेरून आपल्याला दिसतं ते इतकंच की कुठल्याही सप्लायला लिहायला जास्तीत जास्त ५ मिलिसेकंद लागतात. आत मात्र प्रत्येक सप्लायला वेगळी धावपळ चाललेली असते. वाचण्याचा वेग असा लपवता येत नाही. अ‍ॅटमेलच्या २४सी२५६ ची जुनी डेटाशीट उघडून बघ: ५ व्होल्टला क्लॉक १ मेगाहर्ट्झ, २.७ ला ४०० किलोहर्ट्झ, १.८ ला १०० किलोहर्ट्झ. ‘१.८ ते ५.५’ हे एका ओळीतलं वचन नव्हतं, त्यामागे हा तक्ता होता. तुझ्या दोन्ही आवृत्त्यांत फर्मवेअर एकच ठेवायचं असेल तर क्लॉक कमी सप्लायच्या हिशेबानं लाव. शेतीपंपाच्या बोर्डाला वाचनाची घाई नसते.

जुळवून घेण्याचा तिसरा मार्ग म्हणजे चिपनं सप्लाय ओळखून आपली आतली मांडणीच बदलायची. याचा एक टप्पा मी माझ्या नोकरीच्या काळात डोळ्यांसमोर पाहिला आणि तो तुझ्या कामाचा आहे. इंटेलच्या १६ मेगाबिट फ्लॅशला, २८एफ०१६एसए ला, सप्लाय कुठला ते सांगणारी एक स्वतंत्र पिन होती. ती वर ठेवली की चिप आतून ३.३ साठी मांडली जाई, खाली ठेवली की ५ साठी. आणि डेटाशीटमध्ये स्पष्ट इशारा होता: ५ व्होल्टच्या बोर्डात ही पिन वर ठेवून वाचलं तर चिप खराब होऊ शकते. विचार कर, वाचल्यानं खराब! बोर्ड काढणाऱ्यानं एक पिन चुकीच्या बाजूला बांधली की झालं. पुढच्या मालिकांत, २८एफ००८एससी सारख्या चिपांत, मुख्य सप्लाय आणि लिहिण्याचं व्होल्टेज दोन्ही चिप स्वतः ओळखू लागली आणि ती पिन गेली. लिहिण्याचं व्होल्टेज ठरावीक हद्दीच्या खाली असेल तर ती लिहायचं नाकारू लागली. हे नाकारणं मला ओळखण्याइतकंच मोलाचं वाटतं. कुठे काम करणार नाही हे जिला पक्कं ठाऊक आहे, त्या चिपवर मी भरवसा ठेवते.

तुझ्या पुढच्या आवृत्तीत मोबाइलवरून पंप चालू करायची सोय येणार आहे, म्हणजे बोर्डावर सिम येईल. सिममध्येही मेमरीच आहे, आणि ५, ३ आणि १.८ व्होल्ट असे तिचे तीन वर्ग आहेत. सिम कुठल्या वर्गाचं आहे हे आधी माहीत नसतं. म्हणून मॉड्यूल सर्वांत कमी व्होल्टेजपासून सुरुवात करतं, १.८ देऊन बघतं, उत्तर जुळलं नाही तर सप्लाय काढून ३ देतं. खालून वर जायचं, वरून खाली कधीच नाही. अनोळखी चिपशी वागायची ही रीत कुठेही लागू पडते. प्रयोगशाळेत बेंच सप्लाय लावतानाही.

नोंदी ठेवायला तू एसडी कार्ड घालणार म्हणतेस, त्याबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. एसडी कार्ड २.७ ते ३.६ व्होल्टवर चालतं, आणि पहिली ओळख होताना होस्ट त्याला एका कमांडनं आपला सप्लाय कुठल्या पट्ट्यातला आहे ते सांगतो. कार्डाला तो मान्य असेल तर ते तीच माहिती परत पाठवतं, मान्य नसेल तर गप्प राहतं. वेगवान कार्डांत आणखी एक पायरी असते: सप्लाय ३.३ च राहतो, पण सिग्नलची पातळी १.८ वर आणायची. त्याची देवाणघेवाण फार विचारपूर्वक बांधलेली आहे. होस्ट विचारतो, कार्ड हो म्हणतं आणि डेटाच्या तारा खाली ओढून धरतं, होस्ट क्लॉक थांबवतो, आपली पातळी १.८ वर आणतो, निदान ५ मिलिसेकंद थांबतो, मग क्लॉक पुन्हा सुरू करतो. कार्डानं तारा सोडून वर जाऊ दिल्या तर बदल पार पडला. सोडल्या नाहीत तर पार पडला नाही. कुणीही दुसऱ्याची स्थिती गृहीत धरत नाही.

पण एकदा १.८ वर गेलेलं कार्ड परत ३.३ वर यायला एकच वाट आहे: त्याचा सप्लाय पूर्ण काढणं. आता समज, तुझा प्रोसेसर वॉचडॉगनं रीसेट झाला. तो नव्यानं ३.३ च्या पातळीवर बोलू लागला. कार्डाचा सप्लाय मात्र गेलाच नाही, ते अजून १.८ वर आहे. दोघांचं बोलणं जुळत नाही, बोर्ड शेतात अडकतं आणि आपल्याकडे ‘कार्ड खराब’ म्हणून परत येतं. म्हणून वेगवान कार्ड वापरणार असशील तर कार्डाच्या सप्लायवर प्रोसेसरच्या ताब्यातला एक स्वतंत्र स्विच ठेव आणि दर रीसेटला तो बंद करून मग चालू कर. दोन पार्ट वाचवण्यासाठी हा स्विच काढून टाकायचा आग्रह होईल, तो मान्य करू नकोस.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले.

शेतीला थ्री-फेज वीज पाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणजे तुझ्या बोर्डाची वीज रोज जाणार आहे. त्याखेरीज आडवेळी जाईल ती वेगळी, आणि शेजारचा मोठा पंप सुरू होताना बसणारे झोल वेगळे. माणसाला वाटतं वीज क्षणात गेली. बोर्डावर ती उतरत जाते. रेग्युलेटरच्या पुढे ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि २० मिलिअँपिअरचा भार धरला तर ५ वरून २.७ व्होल्टवर यायला सुमारे ५४ मिलिसेकंद लागतात, आणि १.७ पर्यंत यायला ७८ च्या आसपास. ही उतरण म्हणजे तुझ्या मेमरीचा खरा कसोटीचा काळ. रुंद रेंजच्या ईईप्रॉमचं खरं मोल मला इथे दिसतं. जुनी, ४.५ व्होल्टला थांबणारी चिप या उतरणीच्या पहिल्याच टप्प्यात गळून पडायची. ही शेवटपर्यंत जागी असते आणि हातातलं लिखाण पुरं करू शकते.

पण तिचं जागं असणं हाच धोकाही आहे. तुझ्या सर्किटमध्ये अ‍ॅटमेगा३२८पी आहे, क्लॉक १६ मेगाहर्ट्झ. या मायक्रोकंट्रोलरची हमी २० मेगाहर्ट्झला ४.५ व्होल्टपर्यंत आणि १० मेगाहर्ट्झला २.७ पर्यंत आहे, मध्ये सरळ रेषा. म्हणजे १६ ला साधारण ३.८ व्होल्ट. तू ब्राउन-आउट रीसेट, म्हणजे सप्लाय घसरला की मायक्रोकंट्रोलरला थांबवणारी सोय, २.७ वर ठेवला आहेस. मग ३.८ ते २.७ या टप्प्यात काय होईल? मायक्रोकंट्रोलर हमीबाहेर धावत असेल, एखादी सूचना भलतीच वाचेल, भलत्या पत्त्यावर उडी मारेल. आणि ती उडी लिहिण्याच्या फंक्शनमध्ये पडली तर? अरुंद रेंजची चिप एव्हाना दार लावून बसली असती. ही १.७ पर्यंत जागी आहे, आज्ञाधारक आहे, तिला जे सांगितलं जाईल ते ती लिहील, आणि पंपाच्या सेटिंगच्या जागी कचरा लिहिलेला सापडेल. तुम्ही चिपला दोष द्याल. ती तर तिच्या हमीप्रमाणेच वागलेली असेल.

म्हणून ५ व्होल्टच्या आवृत्तीत ब्राउन-आउटचा फ्यूज ४.३ वर कर. ३.३ च्या आवृत्तीत २.७ ठीक आहे, पण तिथे क्लॉक ८ मेगाहर्ट्झवर आण. मेमरी एकच असली तरी फ्यूज आणि क्लॉक एक राहणार नाहीत, हे साहेबांना स्पष्ट सांग. मेमरीनं जुळवून घेतलं म्हणून बाकीच्या बोर्डानं जुळवून घेतलं असं होत नाही. ‘एकच चिप दोन्हीकडे’ या वाक्यात नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

फ्यूज ४.३ वर नेला की नवी अडचण येईल, तीही सांगून ठेवते. ५ वरून ४.३ ला यायला त्याच कपॅसिटरवर जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. ५ मिलिसेकंदांची तीन लिखाणं कशीबशी. तेव्हा वीज गेल्याची खबर रेग्युलेटरच्या पुढे घेऊ नकोस, मागे घे. रेग्युलेटरच्या मागच्या १२ व्होल्टवर एक विभाजक लावून तो एडीसीला दे. तिथे १००० मायक्रोफॅरड असतील आणि रेग्युलेटरला ७ व्होल्टपर्यंत चालत असेल तर २० मिलिअँपिअरला पाव सेकंद मिळतो. फक्त खबर येताच पहिलं काम पंपाचा रिले सोडण्याचं कर, नाहीतर रिलेची कॉइलच तो साठलेला विद्युतभार पिऊन टाकेल. मग लिही, मग शांतपणे रीसेट होऊ दे.

लिहिण्यापासून रोखणारी पिन तू ग्राउंडला बांधली आहेस. ती सोडव. तिला दहा किलोओमनं सप्लायला बांध आणि फक्त लिहायच्या वेळी मायक्रोकंट्रोलरनं खाली ओढावी असं कर. रीसेटमध्ये त्याच्या पिना मोकळ्या होतात, तेव्हा हा रेझिस्टर आपोआप दार बंद ठेवतो. एका रेझिस्टरच्या खर्चात याहून मोठं संरक्षण माझ्या पाहण्यात नाही.

एक बारीक गोष्ट आणखी. लिखाण चालू असताना सप्लाय गेला तर सेल अर्धवट भरतो. असा सेल आज बरोबर वाचला जाईल आणि आठवड्यानं, दुसऱ्या तापमानाला किंवा थोड्या वेगळ्या सप्लायला, उलटा वाचला जाईल. लिहून लगेच वाचून पाहिलं, जुळलं, म्हणजे झालं, असं म्हणूनच समजायचं नाही. प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती ठेव, आलटून पालटून लिही, प्रत्येकीला क्रमांक आणि चेकसम दे. सुरू होताना ज्या प्रतीचा चेकसम जुळतो आणि क्रमांक मोठा आहे ती खरी धर. तीच पुन्हा एकदा लिहून पक्की कर. दहा लाख वेळा लिहायची हमी असलेल्या चिपला एवढं लिखाण जड नाही.

साहेबांनी सुचवलेला आणखी एक पर्याय, मायक्रोकंट्रोलर ३.३ वर आणि ईईप्रॉम जुन्याच ५ च्या रेलवर, मुळीच करू नकोस. चिपची इनपुटची हद्द सप्लायच्या ०.७ पट असते: ५ व्होल्टला ३.५. तुझा मायक्रोकंट्रोलर ३.३ च्या वर जाणारच नाही. टेबलावर हे चालेल, कारण प्रत्यक्ष चिपा हमीपेक्षा थोड्या उदार असतात. दहा बोर्डांवर चालेल, पुढच्या लॉटमध्ये अडेल. आणि पुल-अप नेहमी ज्या रेलवर चिप आहे त्याच रेलला बांध. नाहीतर चिपचा सप्लाय काढल्यावरही पुल-अपमधून, आतल्या संरक्षक डायोडमार्फत, तिला चोरवीज मिळत राहते. ती ना धड बंद होते, ना धड चालू. सप्लाय पुरता शून्याजवळ न जाता परत आला की तिचा आतला रीसेटही नीट होत नाही आणि ती डेटाची तार खाली धरून बसते. फर्मवेअरच्या सुरुवातीला क्लॉकचे नऊ ठोके देऊन तार सोडवून घेणारा तुकडा जरूर घाल.

आता चाचणी. ५ ला लिहून ५ ला वाचणं आणि ३.३ ला लिहून ३.३ ला वाचणं, एवढंच तुमच्या चाचणीपत्रकात आहे. वर डीरॅमचा हिशेब दाखवला तो याचसाठी. वरच्या टोकाला लिहून खालच्या टोकाला वाच, खालच्याला लिहून वरच्याला वाच, आणि हे थंडीतही कर, उन्हातल्या लोखंडी पेटीत होईल तेवढ्या तापमानालाही कर. बेंच सप्लाय हळूहळू उतरव, हळूहळू चढव. मग एका रिलेनं बोर्डाची वीज अनियमित क्षणी तोडत-जोडत रात्रभर चालू दे आणि सकाळी दोन्ही प्रतींचे चेकसम तपास. हे यंत्र तू एका संध्याकाळी बांधू शकशील.

हे सगळं मी इतक्या तळमळीनं का लिहिते? तुझं बोर्ड ज्याच्या विहिरीवर बसणार आहे तो माणूस रात्री दोनला वीज येईल म्हणून सेटिंग लावून झोपणार आहे. मेमरी ती सेटिंग विसरली तर त्याची पाण्याची पाळी चुकते. त्याला व्होल्टेजची उतरण माहीत असायचं कारण नाही. ती तुला माहीत असली पाहिजे.

बोर्ड टाकायला देण्याआधी मला स्कोपचं एक चित्र पाठव. एकाच पडद्यावर चार रेषा असू देत: १२ व्होल्टची बाजू, मेमरीचा सप्लाय, रीसेटची पिन आणि लिहिण्याला रोखणारी पिन, वीज तोडल्यापासून सप्लाय शून्यावर येईपर्यंत. ते पाहून मी तुला फोन करीन. तोवर फाइल बाहेर पाठवू नकोस.

दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या